पावसाळ्याची बेगमी

ज्या वाचकांचें बालपण जुन्या वाड्यांत गेलें असेल त्यांस कोठीची खोली आठवत असेलच. माजघराच्या मागें, दिवसाही दिवा घेऊन जावें लागे अशी ती अंधारी खोली. तींत धान्याच्या कणग्या, मिठाचा रांजण, चिंचेचे गोळे, लोणच्याच्या बरण्या, आणि दाराशीं खुंटीला अडकवलेली एक वही. वैशाखांत वर्षाचें धान्य आणावयाचें, त्यास ऊन दाखवावयाचें, कडुलिंबाचा पाला घालून तें भरून ठेवावयाचें. मग आषाढांत नद्यांना पूर येवो कीं घाट बंद होवो, घरांतील पंचवीस पानें वेळच्या वेळीं वाढलीं जात. आज कोपऱ्यावरचें दुकान रात्रीं उशिरापर्यंत उघडें असतें व मोबाइलवर बोट ठेवतांच तूरडाळ दारांत येते. त्यामुळें कोठी गेली, आणि कोठीबरोबर ‘बेगमी’ हा शब्दही बहुतेक गेला. या महिन्यांत आम्ही त्या शब्दाविषयीं लिहिणार आहों. परंतु धान्याच्या संबंधानें नव्हे, तर ज्या यंत्रांवर आज रुग्णालयें, पेढ्या, शाळा व कचेऱ्या चालतात त्या सर्व्हर नांवाच्या संगणकांच्या संबंधानें.

विषयाचें नांव ऐकतांच कित्येक वाचक पान उलटतील अशी आम्हांस भीति वाटते. त्यांस आमची विनंति अशी कीं, क्षणभर थांबावें. आपल्या कुटुंबांतून निदान एक मुलगा, सून, जावई अथवा भाची या धंद्यांत नाहीं असें घर आतां शोधून काढावें लागेल. ही मंडळी अपरात्रीं उठून, खोलीचें दार लावून, पडद्याकडे पाहत काय करतात, याची अल्पशी तरी कल्पना घरांतील वडिलांस असणें हें घराच्या स्वास्थ्यास आवश्यक आहे असें आमचें मत झालें आहे. आम्हांस ती नव्हती. त्यामुळें आमच्या हातून एक चूक घडली. तिची कबुली म्हणूनच हा लेख समजावा.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव शहरांतील एका धर्मादाय रुग्णालयांत सर्व्हरांची व्यवस्था पाहतात. घरांत त्यांस सर्वजण बाळ म्हणतात, म्हणून आम्हीही येथें तसेंच म्हणूं. रुग्णालयांतील चौदा सर्व्हर लिनक्सवर चालतात. २०२३ सालच्या दिवाळीनंतर बाळनें संस्थेकडे लेखी मागणी केली कीं, एक जुना संगणक व एक मोठी डिस्क द्यावी. सर्व्हरांना लागणाऱ्या आज्ञावल्यांचें एक भांडार रुग्णालयांतच उभारावयाचें आहे. संस्थेचें उत्तर आलें तें असें: जें साऱ्या जगांत फुकट मिळतें तें घरांत साठवण्यासाठीं खर्च कां करावा? बाळनें तें पत्र आम्हांस दाखविलें. हिशेबाच्या खात्यांत आमचा जन्म गेलेला, आम्हीं चष्मा लावून तें वाचलें आणि म्हणालों, “संस्थेचें म्हणणें कांहीं वावगें दिसत नाहीं.” बाळ कांहीं न बोलतां पत्र घडी करून घेऊन गेला.

पुढील हकीकत समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिहावयास घेतला. गाभा म्हणजे घराचा पाया. त्यावर स्वयंपाकघर, माजघर, पडवी बांधल्यावांचून राहतां येत नाहीं. हें बांधकाम करून देणाऱ्या मंडळ्या पुढें निघाल्या. १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं डेबियन ही व्यवस्था आरंभिली. अमेरिकेंत रेड हॅट ही कंपनी उभी राहिली. या दोन घराण्यांपासून पुढें अनेक शाखा फुटल्या; पण सर्वांची मुख्य रीत एकच. प्रत्येक आज्ञावली एका पुड्यांत बांधावयाची, यास पॅकेज म्हणतात. पुड्यांत आज्ञावली तर असतेच. शिवाय तिचे कोणते भाग यंत्रांत कोठें ठेवावयाचे, आणि ती चालण्यास दुसरे कोणते पुडे आधीं असावे लागतात, याची यादीही असते. हीच यादी मोठी त्रासदायक. पुरणपोळी करावयाची तर चण्याची डाळ, गूळ, कणीक, वेलदोडे हवेत. आणि गूळ नसेल तर बाकीच्या वस्तु असून नसून सारख्या. एक आज्ञावली मागावी तर तिच्यामागें चाळीस पुडे ओळीनें उभे असतात.

हे सर्व पुडे एके ठिकाणीं नीट मांडून, त्यांची नांवनिशी करून ठेविली म्हणजे झालें भांडार; इंग्रजी शब्दच वापरावयाचा तर रिपॉझिटरी. डेबियनची १३ वी आवृत्ति ऑगस्ट २०२५ मध्यें निघाली, तेव्हां तिच्या भांडारांत सुमारें सत्तर हजार पॅकेजें होतीं. हीं भांडारें जगभर विद्यापीठांनीं व संस्थांनीं जशींच्या तशीं उतरून घेऊन लोकांस खुलीं ठेविलीं आहेत. सर्व्हरला कांहीं लागलें कीं तो इंटरनेटवरून जवळच्या भांडाराकडे जातो, वही पाहतो, पुडा घेतो व परत येतो. दाम लागत नाहीं. संस्थेचें म्हणणें तेवढ्यापुरतें खरेंच होतें.

रुग्णालयांतील जुने सर्व्हर सेंटओएस ७ या व्यवस्थेवर चालत. रेड हॅटच्या व्यवस्थेची ही मोफत आवृत्ति २००४ पासून हजारों संस्था वापरीत आल्या. परंतु प्रत्येक आवृत्तीस आयुर्मर्यादा असते, आणि सेंटओएस ७ ची मर्यादा ३० जून २०२४ रोजीं संपली. तिचीं पॅकेजें नेहमींच्या जागेवरून उचलून ‘व्हॉल्ट’ नांवाच्या जुन्या दप्तरखान्यांत ठेवण्यांत आलीं, आणि जवळचें भांडार कोणतें हें यंत्रांस सांगणारा जो पत्ता होता तो उत्तर देईनासा झाला. ही तारीख आधींपासून जाहीर होती. नव्या व्यवस्थेवर जाण्याची योजनाही बाळनें मांडली होती; तीही मंजुरीच्या रांगेंत उभी होती.

१६ जुलै २०२४, म्हणजे आषाढी एकादशीची आदली रात्र. दहाच्या सुमारास रुग्णालयाच्या एका सर्व्हरची डिस्क गेली. रक्तलघवीच्या तपासण्यांचे अहवाल ज्या यंत्रावरून वॉर्डांत दिसत तेंच हें यंत्र. माहितीची रोजची प्रत वेगळी ठेवलेली असल्यामुळें माहिती शाबूत होती. नवें यंत्रही हजर होतें. मूळ व्यवस्था तबकडीवरून चढविण्यास अर्धा तास लागला. पण अहवालांच्या डेटाबेसला लागणारीं पॅकेजें तबकडीवर नव्हतीं. तीं भांडारांतून आणावयाचीं, आणि भांडाराचा पत्ता मुका झालेला. जुना दप्तरखाना कोठें आहे हें बाळला ठाऊक होतें. परंतु रुग्णालयाचे सर्व्हर सुरक्षिततेसाठीं फायरवॉलच्या तटबंदीच्या आंत असतात. मान्य यादींतील पत्त्यांखेरीज त्यांस बाहेर कोठेंही जातां येत नाहीं, आणि हें योग्यच आहे. यादींत नवा पत्ता घालण्याचा अधिकार ज्या एका गृहस्थांकडे होता ते वारीबरोबर पंढरपुरास पोहोंचले होते. लाखों लोकांच्या त्या गर्दींत त्यांचा फोन लागेना.

तो लागला सकाळीं सहाला. सातला अहवाल दिसूं लागले. मधल्या नऊ तासांत परिचारिकांनीं प्रयोगशाळेंत खेपा घालून आंकडे हातानें उतरून आणले. एका वृद्ध रुग्णाचे मागील आठवड्याचे आंकडे डॉक्टरांस हवे होते, ते मिळाले नाहींत, म्हणून मध्यरात्रीं त्यांचें रक्त पुन्हां काढावें लागलें. कोणाचें अनिष्ट झालें नाहीं, हें दैव. पुढच्या आठवड्यांत खुलाशाचें पत्र आलें तें मात्र बाळच्या नांवानें.

एकादशीच्या सकाळीं आठाला बाळ घरीं आला. आम्ही देवघरासमोर बसलों होतों. त्याचे डोळे तांबारलेले होते. तो एवढेंच म्हणाला, “काका, मला सगळें येत होतें. फक्त हाताशीं नव्हतें.”

त्या वाक्यानें आम्हांस आमचें आठ महिन्यांपूर्वींचें मत आठवलें व आमची मान खालीं गेली. आम्हीं सारवासारव करण्यासाठीं म्हटलें कीं, संस्थेचा तरी काय दोष, वस्तु फुकट मिळत असतांना साठा करण्यास कोणीही कांकूं करणारच. आमच्या मातोश्री ८८ वर्षांच्या आहेत. त्या पलीकडे वरीचे तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर न करतांच म्हटलें, “अरे, नदीचें पाणी फुकटच असतें. म्हणून घरांत कोणी हंडा भरून ठेवीत नाहीं का?”

आमच्या हिशेबी डोक्यांत जें शिरलें नव्हतें तें त्या एका वाक्यानें शिरलें. वस्तूची किंमत आणि वस्तु वेळेवर हाताशीं असण्याची किंमत या दोन वेगळ्या रकमा आहेत. त्या एकाच खात्यांत मांडणें ही आमची चूक होती.

खुलाशाच्या पत्रास बाळनें जोडपत्र म्हणून आपली जुनी मागणी लाविली, आणि या खेपेस तिच्यांत तीन कारणें स्पष्ट लिहिलीं. पहिलें, बाहेरचा रस्ता बंद असतांही यंत्र उभें करतां यावें. दुसरें, चौदा यंत्रांनीं तोच पुडा चौदा वेळां बाहेरून आणण्यापेक्षां तो एकदां आणून सर्वांस वांटावा; दोरीवरील भार तितका कमी. तिसरें कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें: चौदाही यंत्रांस एकच आवृत्ति मिळावी. सोमवारीं एकानें व गुरुवारीं दुसऱ्यानें बाहेरून माल घेतला तर मध्यंतरीं बाहेर माल बदललेला असूं शकतो. मग एकाच घराण्यांतील दोन यंत्रें निराळीं वागूं लागतात आणि दोष कशांत आहे हें सांपडत नाहीं. संस्थेनें या वेळीं मागणी मान्य केली. एक निवृत्त झालेला संगणक आणि दोन टेराबाइटची एक डिस्क, एवढेंच भांडवल.

आतां हें भांडार त्यानें कसें उभारलें तें सांगतों. ज्यांच्या घरीं या धंद्यांतील मंडळी आहेत त्यांस ताडून पाहतां येईल.

प्रथम काय आणावयाचें नाहीं हें ठरविलें. नवशिका मनुष्य साऱ्या जगाचें भांडार उतरून घेऊं पाहतो, आणि तिसऱ्या दिवशीं डिस्क भरून काम मध्येंच थांबतें. डेबियनचें सर्व भांडार अनेक टेराबाइटचें आहे. त्यांत नाना जातींच्या प्रोसेसरांसाठीं तीच आज्ञावली पुन्हां पुन्हां बांधलेली असते. आपल्याकडे एकाच जातीचीं यंत्रें असतील तर तेवढाच भाग घ्यावा, म्हणजे गरज बरीच खालीं येते. बाळनें जुने सर्व्हर क्रमानें अल्मालिनक्सवर नेण्याचें ठरवून त्याच आवृत्तीचे मूळ विभाग घेतले.

दुसरें काम म्हणजे माल उतरून घेणें. रेड हॅटच्या घराण्यांत यासाठीं डीएनएफ या साधनाची रिपोसिंक ही आज्ञा आहे. डेबियनच्या घराण्यांत डेबमिरर, ॲप्ट-मिरर, ॲप्टली अशीं साधनें आहेत. ही आज्ञा रोज पहांटे आपोआप सुटेल अशी योजना करावी. येथें एक खोंच आहे. संपूर्ण विभाग घेतला तर मूळ भांडाराची वहीही जशीच्या तशी घ्यावी. पण जागा वांचविण्यासाठीं प्रत्येक पॅकेजची फक्त नवी आवृत्ति घेतली, तर मूळ वही उपयोगाची नाहीं. कारण जो माल आपल्या कोठींत नाहीं त्याचींही नांवें तींत असतात, आणि यंत्र तो मागावयास येऊन रिकाम्या हातानें परत जातें. अशा वेळीं क्रिएटरेपो या साधनानें आपल्या मालाची वही नव्यानें लिहावी लागते. संस्थेनें स्वतः बांधलेलीं पॅकेजें असतील तर त्यांसाठींही वेगळें दालन व वेगळी वही असावी.

तिसरें काम मांडणीचें. भांडार म्हणजे शेवटीं फायलींनीं भरलेलें एक कपाट. तें यंत्रांस दिसावें म्हणून एन्जिनएक्स किंवा अपाची यांसारखा साधा वेब सर्व्हर पुरतो. मग प्रत्येक यंत्रांत एक लहानशी टिपणी ठेवावयाची, कीं यापुढें बाहेर न जातां या पत्त्यावर यावें. बाहेरच्या पत्त्यांच्या टिपण्या त्याच वेळीं बंद करावयाच्या; नाहींतर यंत्र अर्धा माल घरचा व अर्धा बाजारचा असा घेतें आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो.

चौथें काम जुना साठा राखण्याचें. रोजच्या भरणीनें कालची स्थिति पुसली जाऊं नये म्हणून बाळ दर आठवड्यास तारीख घालून भांडाराची एक प्रत धरून ठेवतो. जो पुडा बदललेला नाहीं तो दोन्ही प्रतींत एकाच जागेवरून दिसावा अशी सोय, जीस हार्ड लिंक म्हणतात, लिनक्समध्यें असल्यामुळें जागा दुप्पट लागत नाहीं. नवा माल आधीं एका चांचणीच्या यंत्रावर चढवावयाचा, कांहीं दिवस पाहावयाचें, आणि मग ‘चालू’ या नांवाची खूण नव्या तारखेकडे वळवावयाची. बिघाड झालाच तर खूण मागील तारखेकडे फिरवितां येते. सुरक्षिततेची तातडीची दुरुस्ती असेल तेव्हां मात्र आठवडाभर वाट पाहावयाची नसते. एका दिवसांत चांचणी उरकून ती सर्वत्र लाविली जाते.

भरणीच्या क्रमाविषयींही एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. डेबियनचीं मोठीं भांडारें उतरून घेतांना आधीं नवा माल आणतात, मग वही बदलतात, आणि जुना निरुपयोगी माल सर्वांच्या शेवटीं काढतात. वही आधीं बदलली तर तींत लिहिलेला माल कोठींत पोहोंचलेला नसतो. हें ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या कीं, त्यांच्या सासूबाईही पोतें कोठींत ठेवल्यावरच वहींत आंकडा घालीत.

इतकें वाचून वाचकांस वाटेल कीं, कोठी भरली, काम झालें. तसें नाहीं. कोठीचे शत्रु दोन: शिळा माल आणि भेसळ.

शिळ्या मालाविषयीं प्रथम. आज्ञावल्यांत नवे दोष रोज उघडकीस येतात व त्यांवरील दुरुस्त्या भांडारांतून येतात. घरचें भांडार तीन महिने ताजें केलें नाहीं आणि यंत्रांस बाहेर जाण्याची बंदी केली, तर आपणच आपल्या यंत्रांस औषधापासून दूर ठेविल्यासारखें होतें. भांडार नसतें तर बरें होतें असें म्हणण्याची पाळी येते. डेबियननें यावर एक युक्ति योजिली आहे: सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांच्या वहीवर ती कधींपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख छापलेली असते, आणि ती उलटून गेली कीं यंत्र ती वही नाकारतें. कित्येक कंटाळलेले लोक ही तपासणीच बंद करतात! आणखी एक: जी आवृत्ति मूळ मंडळीनें सोडून दिली तिचा साठा कितीही जपला तरी नवीन पीक येत नाहीं. सेंटओएस ७ चें भांडार घरांत असतें तर त्या रात्रीं नऊ तास गेले नसते, हें खरें. परंतु त्या व्यवस्थेवर वर्षानुवर्षें बसून राहण्यास तें कारण झालें नसतें, असें मात्र सांगवत नाहीं. बेगमी ही प्रवासाची शिदोरी आहे, मुक्काम वाढविण्याचें निमित्त नव्हे.

भेसळीविषयीं सांगतांना बाळनें आपला स्वतःचा एक दोष आम्हांपाशीं कबूल केला, तो त्याच्या अनुमतीनें लिहितों. प्रत्येक भांडाराच्या मालावर मोहोर असते. ती गणितानें उमटविलेली असून तिची खरी-खोटी पारख करणारी एक किल्ली यंत्रांत आधीं ठेवावी लागते. रेड हॅटच्या घराण्यांत प्रत्येक पुड्यावर मोहोर असते. डेबियनमध्यें वहीवर मोहोर असते, आणि वहींत प्रत्येक पुड्याचा असा ठसा नोंदलेला असतो कीं पुड्यांत एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं. भांडार उभारण्याच्या पहिल्या आठवड्यांत कांहीं यंत्रांवर किल्ली बसविलेली नव्हती, माल नाकारला जाऊं लागला, घाई होती, बाळनें मोहोरेची तपासणीच बंद करून ठेविली. “आपल्याच कोठींतला माल, त्याची कसली पारख?” असें त्यास त्या वेळीं वाटलें. चार दिवसांनीं त्याचें त्यालाच तें लागलें. घरच्या कोठींत माल शेवटीं बाहेरूनच येतो. आणि कोणी दुष्टानें त्या एका संगणकांत शिरकाव केला तर चौदाही यंत्रें त्याच्या हातचें निमूटपणें खाणार. त्यानें किल्ल्या बसवून तपासणी पुन्हां सुरू केली.

मोहोर मात्र सर्वस्वीं पुरते असेंही नाहीं. २९ मार्च २०२४ रोजीं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें एक धक्कादायक गोष्ट जाहीर केली. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक संशयावरून त्यानें शोध घेतला, तेव्हां एक्सझेड नांवाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवलेली आढळली. ती ठेवणाऱ्यानें दोनएक वर्षें निमूटपणें काम करून मूळ चालकांचा विश्वास संपादिला होता. म्हणजे मोहोर खरी, आणि आंतील माल विषारी! तो माल डेबियन व फेडोरा यांच्या चांचणीच्या दालनांत पोहोंचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत शिरण्यापूर्वींच तो पकडला गेला. नवा माल कांहीं काळ बाजूस ठेवून पाहण्याची रीत किती शहाणपणाची आहे तें यावरून दिसतें. वैशाखांत आणलेलें धान्य ऊन दाखविल्यावांचून कणगींत ओतावयाचें नाहीं, हा नियम आमच्या आज्यापणज्यांनीं उगाच केला नव्हता.

हें सर्व आम्हीं एका रात्रीं जेवणानंतर ओटीवर बसून ऐकलें. शेवटीं मातोश्रींनीं एकच प्रश्न विचारला: “बाळ, तूं भरलीस ती कोठी. किल्ली कोणाकडे?” बाळ हंसला व म्हणाला, “माझ्याकडे, आजी.” “आणि तूं गांवाला गेलास तर?” बाळचें हंसें मावळलें. पंढरपुरास गेलेल्या गृहस्थांस नांवें ठेवीत ठेवीत त्यानें स्वतःही तेंच केलें होतें. दुसऱ्या दिवसापासून त्यानें सर्व कृति एका वहींत लिहावयास घेतली, आणि एका सहकारी मुलीस भरणी, चांचणी व खूण फिरविणें हीं तिन्ही कामें तिच्या हातानें दोनदां करावयास लाविलीं. शेवटीं त्यानें एक तालीमही केली: एका रविवारीं बाहेरची दोरी मुद्दाम काढून ठेवून, कोरें यंत्र केवळ घरच्या भांडारावरून उभें राहतें कीं नाहीं तें पाहिलें. पहिल्या खेपेस राहिलें नाहीं. एक पॅकेज आणावयाचें राहून गेलें होतें. तालमीचा उपयोग तोच.

२०२५ च्या श्रावणांत रुग्णालयासमोरचा रस्ता खणतांना मजुरांच्या कुदळीनें तार तुटली. सायंकाळपासून दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत बाहेरचें जग बंद होतें. योगायोग असा कीं, त्याच सायंकाळीं एक सर्व्हर बिघडला. त्या सहकारी मुलीनें वही उघडून नवें यंत्र चाळीस मिनिटांत उभें केलें. बाळला तिनें काम झाल्यावर कळविलें. तो त्या वेळीं आमच्या पंक्तीस बसला होता. त्यानें मोबाइल पाहिला, उपडा ठेविला आणि आणखी भात मागितला. मातोश्रींनीं विचारलें, “काय रे झालें?” तो म्हणाला, “कांहीं नाहीं, आजी.” वॉर्डांतील कोणासही कांहीं झाल्याचें कळलें नाहीं. संस्थेकडून त्यास या खेपेस कोणतेंही पत्र आलें नाहीं, आभाराचेंही नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येक गृहस्थ व गृहिणी शाळांच्या, वाचनालयांच्या, पतपेढ्यांच्या व रुग्णालयांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. त्यांच्यापुढें अशी एखादी मागणी आली, तर ‘फुकट मिळणारी वस्तु साठवावयाची कशास’ असें म्हणण्यापूर्वीं त्यांनीं मागणाऱ्यास समोर बसवून तीन प्रश्न विचारावेत. साठा शेवटचा ताजा कधीं होणार व तें कोण पाहणार? मालाची मोहोर तपासली जाते ना? आणि किल्ली निदान दोघांच्या हातीं आहे ना? उत्तरें समाधानकारक असतील तर डिस्कचे पैसे द्यावेत. आणि ज्यांच्या घरीं असा एखादा बाळ अथवा बाळी अपरात्रीं उठून बसत असेल, त्यांनीं सकाळीं हिशेब विचारण्याच्या आधीं त्यास गरम चहा द्यावा. आम्हीं त्या एकादशीस तो दिला नव्हता, याची रुखरुख आम्हांस अजून आहे.